डाव्या इंडिकेटरची रांगोळी

भाऊबिजेच्या सकाळी श्यामराव नाबरांनी ठरवलं, नुसतं बघायचं. हात लावायचा नाही. बॉनेट उघडायचं, एक नजर टाकायची, बंद करायचं आणि वर येऊन मुकाट्यानं चहा प्यायचा.

(ज्यांची श्यामरावांशी ओळख आहे त्यांना हे वाचूनच घाम फुटला असेल. श्यामरावांनी आजवर इस्त्री, रेडिओ आणि शेजारच्यांचा मिक्सर हे सगळं नुसतंच बघितलेलं आहे. त्यातलं एकही पुन्हा आपल्या पायावर उभं राहिलं नाही.)

आणि ही गाडी काही नाबरांची नव्हती. ती होती जयवंताची, म्हणजे श्यामरावांच्या धाकट्या मेव्हण्याची. त्या वर्षांत रस्त्यावर नुकत्याच दिसायला लागलेल्या, डबीएवढ्या, नव्या धाटणीच्या गाड्यांपैकी एक. नंबर लावून माणूस वाट बघत बसायचा आणि तोवर त्याची पोरं मिसरूड फुटलेली व्हायची. जयवंताला गाडी मिळाली आणि त्याच्या मुलुंडच्या सोसायटीतली पोरं गाड्यांखाली लक्ष्मीबार लावण्यात पटाईत निघाली. म्हणून दिवाळीपुरती गाडी नाहूरला ताईच्या सोसायटीत आणून ठेवली. नाहूरच्या या सोसायटीत सगळी निवृत्तीला टेकलेली मंडळी. सगळ्यात धाडसी आतषबाजी म्हणजे फुलबाजी, आणि तीही लांब धरून.

चावी देताना जयवंत म्हणाला होता, "भावोजी, सकाळी पाच मिनिटं नुसती चालू करून ठेवा. बाकी काही नाही."

"बॅटरी उतरायला नको म्हणून. कळतं मला."

"हो. पण... उघडू नका हं."

श्यामराव हसले आणि पाहुण्यासाठी पान आणायला कोपऱ्यावर गेले. मागे काय बोलणं झालं ते त्यांना रात्री बायकोकडून, सुलक्षणाकडून, कळलं. जयवंतानं ताईला बाजूला घेऊन विचारलं होतं, "ताई, भावोजी खरंच उघडणार नाहीत ना? आपल्या घाटकोपरच्या घड्याळाचं काय झालं, माहितेय ना?" (श्यामरावांनी सासऱ्यांचं भिंतीवरचं घड्याळ एकदा साफ करून दिलं होतं. तेव्हापासून ते घड्याळ मनात येईल तेव्हा वाजतं, आणि मनात आलं की थांबतच नाही.) तर सुलक्षणा उसळली होती. म्हणाली होती, "माझा नवरा काय लहान मूल आहे? मी शब्द देते तुला. बोटसुद्धा लावणार नाहीत!"

श्यामरावांना हे ऐकून भरून आलं होतं. शुभाचं, म्हणजे लेकीचं, लग्न होऊन ती मानखुर्दला नांदायला गेली, इतकी वर्षं संसार झाला, आणि बायकोनं माहेरच्या माणसासमोर नवऱ्याची बाजू घेतली ती ही पहिलीच खेप. हा शब्द खाली पडू द्यायचा नाही, असं त्यांनी देवापुढे उभं राहून ठरवलं.

मग आलं लक्ष्मीपूजन.

गाडीची पूजा करायला नको का? सुलक्षणा म्हणाली, टपावर हळदकुंकू वाहा, टायरला फूल ठेवा, झालं. पण श्यामरावांचं म्हणणं असं, की यंत्राची पूजा म्हणजे यंत्राची, टपाची नव्हे. ती आत गेल्यावर त्यांनी बॉनेट उघडलं. इंजिनाला हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, फटीफटीत झेंडू खोचला आणि मोठ्या भक्तिभावानं नारळ फोडून त्याचं पाणी आत सगळीकडे शिंपडलं. कसली शंका म्हणून आली नाही मनात. आणि पाडव्याच्या सकाळी गाडी चालू करून सगळी बटणं एकेक करून दाबली, तर हॉर्न वाजला, दिवे लागले, वायपर फिरले, उजवा इंडिकेटर उघडमीट करायला लागला. डावा मात्र ढिम्म. आतून टिकटिक तेवढी दुप्पट घाईनं चाललेली.

वाट लागली!

त्यांनी पुन्हा बॉनेट उघडून पाहिलं. मधोमध एक पांढरा प्लास्टिकचा ठोकळा, म्हणजे कनेक्टर. एका अंगानं रंगीबेरंगी वायरींचा जुडगा आत शिरलेला, आणि ठोकळ्याचा नारळाच्या पाण्यानं चिकचिकाट झालेला. वर कुंकू, मधे अक्षतांचे दाणे. श्यामरावांनी बॉनेट हळूच लावून टाकलं. पाडवा त्यांनी कसाबसा ढकलला. पाटावर बसले तरी लक्ष खिडकीकडे, करंजी तोंडात तशीच. सुलक्षणानं ओवाळलं तर तबकात साडीऐवजी चष्मा ठेवला. सारखे उठतायत, बसतायत, गॅलरीत जातायत. "काय होतंय तुम्हाला?" तिनं विचारलं. "चकली तिखट होती," ते म्हणाले. त्या वर्षी चकली केलीच नव्हती.

भाऊबिजेला दुपारी जयवंत ओवाळून घ्यायला येणार आणि गाडी घेऊन जाणार. म्हणजे हातात फक्त सकाळ.

आता नेमकी त्याच सकाळी सोसायटीच्या अंगणात रांगोळी स्पर्धा होती. सोसायटीचे सेक्रेटरी अण्णा दरवर्षी ती भाऊबिजेलाच ठेवत, कारण घरोघरी भाऊ यायचे आणि प्रेक्षक आयते मिळायचे. गेरूनं सारवलेले चौकोन अंगणभर आखलेले, बायका ओणव्या होऊन बसलेल्या. सुलक्षणा स्पर्धेत नव्हती. ती दरवर्षी पहिली येते म्हणून अण्णांनी तिला सन्मानानं बाहेर बसवलं होतं. तिची नजरच तशी. बसच्या खिडकीतून कुणाच्या दारातली रांगोळी ओझरती दिसली तरी घरी येऊन ठिपक्याला ठिपका आणि रंगाला रंग तशीच्या तशी काढेल.

जयवंताच्या गाडीसमोरचा एक चौकोन तेवढा रिकामा राहिला होता.

श्यामरावांनी बॉनेट उघडलं, नजर टाकली. बंद करणार, एवढ्यात वाटलं, एक वायर काढून पुसून परत लावू. दोन मिनिटांचं काम. कुर्ल्याच्या एका गॅरेजात त्यांनी एकदा हे पाहिलं होतं. आधी बॅटरीची तार सोडवली (सबंध दिवसातलं एवढंच शहाणपणाचं काम), ठोकळ्याचे दोन भाग एकमेकांपासून सुटे केले आणि एक वायर धरून ओढली. येईना. जोर लावला. येईना. पाय बंपरला लावून ओढणार होते, पण समोरून बायका बघत होत्या.

मग त्यांना आठवलं. ठोकळ्यातल्या प्रत्येक पिनेच्या पोटाशी एक बारीकशी जीभ असते. ती आतल्या खाचेत अडकून बसते. समोरून काहीतरी पातळ आत सारून ती जीभ दाबायची आणि मागून वायर अलगद ओढायची, की पिनेसकट बाहेर. पण पातळ म्हणजे काय घालायचं? सुलक्षणाचा केसांचा आकडा वाकला. क्रोशाची सुई आत गेली आणि बाहेर यायला तयार होईना. शेवटी त्यांनी कपाटातून चांदीचं कानकोरणं आणलं. सुलक्षणाच्या आईनं लग्नात दिलेलं, पातळ, निमुळतं, जणू याच कामासाठी सोनारानं घडवलेलं. कानकोरणं आत, जीभ दबली, आणि तांबडी वायर लोण्यातून सुरी यावी तशी हातात आली.

"झकास!" श्यामराव इतक्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या चौकोनातल्या बाईंच्या मोराची मान वाकडी झाली.

आता एक आली म्हटल्यावर बाकीच्या कशाला ठेवायच्या? आतून सगळाच ठोकळा चिकट. पण श्यामराव सरकारी कचेरीत हेडक्लार्क. फायलीतून कागद काढायचा तर त्याच्या जागी खूण ठेवल्याशिवाय ते काढायचे नाहीत. कुठल्या भोकात कुठली वायर, हे टिपून ठेवणं भाग होतं. हात तर काळेकुट्ट. कागद आणावा तर वारा सुटलेला. इतक्यात त्यांची नजर त्या रिकाम्या गेरूच्या चौकोनावर गेली, आणि आपल्या डोक्यावर ते स्वतःच खूश झाले.

वर जाऊन त्यांनी सुलक्षणाचे रांगोळीचे रंग आणि उदबत्तीनं भोकं पाडलेला तो ठिपक्यांचा कागद गुपचूप आणला. कागद चौकोनावर ठेवला, वरच्या दोन ओळींवर रांगोळी फिरवली, कागद उचलला. ठोकळ्यातल्या भोकांसारख्याच ठिपक्यांच्या दोन सरळ ओळी! मग एकेक वायर काढायची आणि तिच्या ठिपक्याला तिच्याच रंगाची शेपटी काढायची. हिरवीला हिरवी, पिवळीला पिवळी, पांढरी रेघ असलेल्या तांबडीला पांढऱ्या रेघेची तांबडी. काळा रंग नव्हता, तर विझलेल्या फुलबाज्यांची राख वापरली. शेवटची वायर बाहेर आली तेव्हा ते कंबरेवर हात ठेवून आपलं काम बघत उभे राहिले. वाऱ्यानं उडणार नाही, तेलानं डागळणार नाही, पावसाचा प्रश्न नाही. असा नकाशा कचेरीतल्या कुणाच्या बापाला सुचला नसता, असं त्यांना वाटलं.

रिकामा ठोकळा खिशात घालून ते वर धुवायला गेले. टूथब्रशनं घासला, रिठ्याच्या पाण्यानं धुतला.

"काय धुताय ते?" सुलक्षणानं ओट्याशीच विचारलं.

"साबणाची डबी."

"बरं. ते झालं की माळ्यावरून पाट काढा. आणि नारळ खवून द्या. जयवंताला नारळीपाक लागतो."

नारळाचं नाव काढलं आणि श्यामरावांच्या अंगावर काटा आला. पण नाही म्हणणार कसं? पाट काढला, नारळ खवला, तबक घासलं, समईच्या वाती वळल्या. वाती वळताना पाय सारखा हलत होता. एकदाचे सुटले आणि जिना उतरून धावत खाली आले.

आणि जागच्या जागी थिजले.

त्यांच्या नकाशावर एक भलंमोठं कमळ उमललं होतं. ठिपक्याला ठिपका जोडलेला, शेपट्यांच्या पाकळ्या झालेल्या, मधे केशरी, कडेला गुलाबी, वर दोन हंस. आणि शेजारी गेरूवर फतकल मारून तळमजल्यावरच्या शेवंतीकाकू बसल्या होत्या, हाताला सगळे रंग लागलेले.

"अरे श्याम, खंय गेल्लंस?" काकू म्हणाल्या. "अर्धी रांगोळी अशी टाकून जाव नये रे. सणासुदीचा बरा नसता. म्हणान मीच पुरी करून टाकलंय. बरी झाली मा?"

श्यामरावांनी कमळाकडे बोट दाखवलं. "काकू, ते... त्या शेपट्या होत्या..."

"शेपटे कसले? वाकडेतिकडे किडे दिसत होते ते. मी त्येंचे पाकळे केलंय." काकू हसल्या. मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, "हात थरथरता हल्ली. काका गेल्यापासून रांगोळी सोडलेलंय मी. पण आज ठिपके आयते गावले आणि हात आपसूकच चालाक लागलो बघ."

आता या बाईवर रागवायचं कसं? श्यामरावांना मनातून मोठ्यानं रडावंसं वाटत होतं. तरी ते म्हणाले, "फार सुंदर झालीये, काकू." आणि ते खरंही होतं. झालीच होती तशी. हंस तर काय जिवंत होते!

काकू कंबर धरून उठल्या, गेल्या. श्यामराव कमळासमोर उकिडवे बसले आणि पाकळीखाली कुठे हिरवी शेपटी दिसते का, ते शोधायला लागले. येणारेजाणारे म्हणत होते, बघा, माणूस कसा रंगून गेलाय.

पिना लिंबाच्या फोडीनं घासून झाल्या. मग आठवेल तसं आणि कमळात सापडेल तसं त्यांनी वायरी ठोकळ्यात बसवायला घेतल्या. केशरी पाकळीखाली काय असेल? तांबडी, की पिवळी? हंसाच्या चोचीला निळा रंग कशाला दिला काकूंनी? सगळ्या वायरी आत गेल्या, पण ठोकळ्याचे भाग जोडायला गेले तर अर्ध्या पिना मागच्या मागे बाहेर. काढताना दाबलेल्या जिभा दबलेल्याच राहिल्या होत्या, त्या आता अडकतील कशा? पुन्हा कानकोरणं घेऊन एकेक जीभ वर उचलली, एकेक पिन टिक् आवाज होईपर्यंत आत सारली. मानेला रग लागली, चष्मा नाकावरून घसरून इंजिनात पडला, तो काढताना कोपर सोललं. शेवटी बॅटरीची तार जोडली, देवाचं नाव घेतलं आणि डाव्या इंडिकेटरची दांडी खाली केली.

हॉर्न वाजायला लागला.

दांडी वर केली, हॉर्न चालूच. दिव्यांचं बटण दाबलं, वायपर फिरायला लागले. वायपरचं दाबलं, तर पुढचे दिवे लखकन लागले. हॉर्न काही केल्या थांबेना. अंगणातल्या बायका कानांवर हात ठेवून उभ्या राहिल्या, वरच्या मजल्यांवरून माणसं डोकवायला लागली. आणि अशा त्या क्षणी फाटकातून रिक्षा आत आली. रिक्षातून नवा झब्बा घातलेला जयवंत उतरला.

जयवंत हॉर्न ऐकत, फिरणाऱ्या वायपरकडे बघत उभा राहिला. "भावोजी, हे काय?"

श्यामरावांनी बॅटरीची तार उपटली आणि दोन्ही हात पसरले. "तुझं स्वागत! भाऊबीज आहे, म्हटलं वाजतगाजत व्हायला हवं!"

"वायपर पण?"

"ते चवऱ्या ढाळतात तसं."

जयवंत हसला खरा, पण पावलं बॉनेटकडे वळली. एवढ्यात जिन्यावरून सुलक्षणा खाली आली. तिनं नवऱ्याचे हात पाहिले, हातातलं आपल्या आईचं कानकोरणं पाहिलं, आणि सगळं ओळखलं. तिचा चेहरा असा उतरला की श्यामरावांना वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं.

"जयवंता, आधी वर चल," ती भावाच्या हाताला धरून म्हणाली. "मुहूर्त टळतोय. पाटावर बस, मी आलेच." त्याला जिन्यावर लोटून ती नवऱ्याकडे वळली आणि दातओठ खात कुजबुजली, "मी शब्द दिला होता हो त्याला! माझ्या तोंडानं दिला होता!"

"अगं, मी फक्त साफ..."

"कशाला उघडलंत ते नंतर. आता काय अडलंय, ते सांगा."

श्यामरावांनी रडवेल्या आवाजात सगळं सांगितलं. ठिपके, शेपट्या, काकू, कमळ. "मूळ खुणा गेल्या गं. कुठल्या भोकात कुठली वायर, एक आठवत नाही."

सुलक्षणानं कमळाकडे पाहिलं. मग वर आपल्या गॅलरीकडे पाहिलं. "सकाळी टॉवेल वाळत घालताना बघितली होती मी ती. मला वाटलं, कुणाच्या पोरानं काढलीय. रंग अगदी बेचव होते हो." तिनं डोळे मिटले. "आठवतंय मला. सगळं आठवतंय. मी गॅलरीतून सांगते, तुम्ही लावत सुटा. जयवंताला मी पाटावरून उठू देत नाही."

मग जे झालं ते नाहूरमधली माणसं अजून सांगतात. आत जयवंत टोपी घालून पाटावर बसलेला. सुलक्षणा त्याला कुंकू लावायची आणि तुळशीला पाणी घालायचं निमित्त करून गॅलरीत यायची.

"वरच्या ओळीत पहिला हिरवा!" ती वरून ओरडली.

"डावीकडून?"

"हो, डावीकडून!"

"तुझी डावी की माझी डावी?"

"माझी! मी वरून बघत होते ना!"

श्यामरावांनी ठोकळा उलटा धरला, कानकोरणं आत घातलं. जीभ दाबली, चुकीची वायर काढली, जीभ उचलली, हिरवी सारली. टिक्.

"मग काळा! मग पांढऱ्या रेघेचा तांबडा!"

अण्णा छातीवर सेक्रेटरीचा बिल्ला लावून धावत आले. "वहिनी! वेळ संपलेली आहे. आता रांगोळीत फेरफार चालणार नाही. परीक्षक आलेत!"

"मी रांगोळीबद्दल बोलतच नाहीये, अण्णा!"

"मग कशाबद्दल?"

"स्वेटरबद्दल! ह्यांना लोकर आणायला पाठवायचंय!"

अण्णांनी बॉनेटमध्ये शिरलेल्या श्यामरावांच्या पाठीकडे पाहिलं आणि विषय वाढवला नाही.

आतून जयवंताची हाक आली. "ताई, निरांजन विझलं गं."

"परत लावते! उठू नकोस, अर्ध्या ओवाळणीतून उठत नाहीत!" आणि गॅलरीतून, "खालच्या ओळीत निळा, पिवळा, आणि टोकाला तो घाणेरडा तपकिरी!"

सुपारी ओवाळली, अंगठी ओवाळली, मग काहीच उरलं नाही तर सुलक्षणानं तबकातला लाडूसुद्धा ओवाळला. जयवंताला वाटलं, यंदा ताईची माया भलतीच उफाळून आलीय. शेवटची पिन टिक् करून बसली तेव्हा श्यामरावांचा सदरा पाठीला चिकटला होता. ठोकळ्याचे भाग जोडले. एकही पिन मागे सरकली नाही. बॅटरी जोडली. हॉर्न दाबला, हॉर्न वाजला आणि बोट उचलताच थांबला! दिव्यांच्या बटणावर दिवे, वायपरच्या बटणावर वायपर, उजवीकडे उजवा. श्यामरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी वर पाहून मान हलवली. वर सुलक्षणानं पदरानं कपाळ पुसलं आणि हसली. तसं हसताना त्यांनी तिला कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

डाव्या इंडिकेटरची दांडी खाली करणार, तोच जयवंत नारळीपाक चघळत खाली आला. मागोमाग सुलक्षणा.

"द्या चावी, भावोजी." तो आत बसला. हॉर्न, दिवे, वायपर, सगळं एकदा करून पाहिलं. "एकदम टकाटक ठेवलीत हो! मी उगाच घाबरत होतो."

"मी म्हटलं नव्हतं?" सुलक्षणा म्हणाली.

श्यामरावांची छाती इंचभर पुढे आली. आणि जयवंतानं डाव्या इंडिकेटरची दांडी खाली केली.

टिकटिकटिकटिक. उजेड नाही.

श्यामराव बंपरला टेकले. सकाळपासूनची धडपड, कानकोरणं, कमळ, ओवाळलेला लाडू, सगळं पाण्यात! आता कबूल करायचं, नारळासकट. "जयवंत," ते कसेबसे म्हणाले, "ते इंडिकेटरचं... मी..."

"हां, ते राहिलंच!" जयवंत खाली उतरला. झब्ब्याच्या खिशातून एक इवलासा बल्ब काढला, पुढची पिवळी काच सोडवली, जुना बल्ब काढून नवा बसवला. डावा इंडिकेटर उघडमीट करायला लागला. "गणपतीपासूनच उडालाय. आज-उद्या करता करता दिवाळीची दुकानं बंद झाली, म्हणून राहिला होता. ताईला सांगून गेलो होतो की मी. आठवतंय ना, ताई?"

श्यामरावांनी बायकोकडे पाहिलं.

"हो की," सुलक्षणा म्हणाली. "तुम्ही पान आणायला गेला होतात तेव्हा." मग तिच्या लक्षात आलं. तिनं बॉनेटकडे पाहिलं, वाकलेल्या कानकोरण्याकडे पाहिलं, परत नवऱ्याकडे पाहिलं. "म्हणजे तुम्ही सकाळपासून हे... ह्या बल्बसाठी? अहो, एका शब्दानं विचारायचं तरी मला!"

श्यामरावांनी चष्मा पुसायला घेतला. चष्मा तेलाचा होता, तो आणखी माखला.

इतक्यात अंगणात टाळ्या वाजल्या. निकाल लागला होता. अण्णा आणि परीक्षक जयंतीबाई लोकांचा घोळका घेऊन गाडीकडेच आले. जयंतीबाई शाळेत चित्रकला शिकवायच्या आणि सगळ्यांशी वर्गात बोलावं तशाच बोलायच्या. मागे शेवंतीकाकू लाजून हसत होत्या. त्यांच्या हातात स्टीलचा डबा होता, हंसांसाठी खास बक्षीस म्हणून मिळालेला.

"माझा काय नाय हो त्यात," काकू सगळ्यांना सांगत होत्या, "सुरवात आमच्या श्यामान केल्यान. मी नुसता कमळ भरलंय."

"तेच तर!" जयंतीबाई म्हणाल्या. "हंस सराईत हाताचे आहेत. पण खालच्या त्या ठिपक्यांच्या दोन ओळी आणि मधूनच डोकावणाऱ्या रंगीत शेपट्या! किती निरागस! असलं काम मोठ्या माणसाच्या हातून होत नाही. म्हणून बालगटातलं उत्तेजनार्थ बक्षीस मी श्यामला दिलंय." त्यांनी खडूंची पेटी आणि एक लिमलेटची गोळी सुलक्षणाच्या हातात ठेवली. "कुठाय तो? हुशार वाटतो. कितवीत आहे?"

सगळ्यांच्या माना बंपरकडे वळल्या. जयवंत झब्ब्याचं टोक तोंडात कोंबून गाडीआड गेला. श्यामराव हातातलं कानकोरणं पाठीमागे लपवत बंपरशी अंग चोरून उभे होते.

सुलक्षणानं पेटी घेतली, गोळीचा कागद सोडवला आणि गोळी नवऱ्याच्या हातावर ठेवली.

"अजून शाळेत घातलेला नाही," ती म्हणाली.